बालवर्गाच्या सकाळसाठी एक रकाना

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



खासगी नर्सरी आणि केजीच्या वर्गांची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून आपल्या विभागानं हालचाल सुरू केली, हे चांगलं झालं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात असे वर्ग सिडकोच्या रो-हाऊसमध्ये भरतात, गारखेड्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर भरतात, मुकुंदवाडीत कुणाच्या तरी पार्किंगवर पत्रे टाकूनही भरतात. पाटी लावली, दारात रंगीत घसरगुंडी ठेवली, की शाळा सुरू. कोण चालवतं, किती मुलं येतात, शिकवणाऱ्या ताईंनी काय शिक्षण घेतलंय, याची कुणाला गंधवार्ता नसते. आता निदान यादी तरी होईल.

पण अशा यादीत इमारत येते, सोयी येतात, पट येतो, कर्मचारी येतात. मूल तिथं दिवसभर काय करतं, ते येत नाही. मी याच शहरात बालवर्ग घेते. माझ्याकडे चिकलठाणा एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, लोकांकडे पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायांची मुलं येतात. एक-दोन वकिलांचीही येतात. माझी विनंती एका ओळीची आहे. नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवा : ‘सकाळच्या तीन तासांत मूल आपल्या हातांनी काय काय करतं?’ उत्तराला दहा ओळी ठेवा. शाळा कशी आहे ते त्या दहा ओळींत कळेल.

हे मी का मागते, ते माझ्याच वर्गातली एक सकाळ सांगून पटवते.

मूल दारात येतं. चप्पल काढतं आणि जोडी जुळवून ठेवतं. डावी-उजवी चुकली तर मी काही बोलत नाही, घालताना त्याची त्यालाच कळते. मग खोक्यातून आपलं कार्ड शोधायचं आणि फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचं. कार्डावर चित्र आहे : कुणाची छत्री, कुणाचा पोपट, कुणाचं सीताफळ. चित्राखाली नाव. जूनमध्ये मूल चित्र बघून कार्ड उचलतं. दिवाळीच्या सुमारास मी एखाद्या दिवशी चित्रावर चिकटपट्टी लावते, तरी बहुतेकजण कार्ड बरोब्बर उचलतात. अक्षरांची ओळख अशी झालेली असते, आणि कुणी ‘अ अननसाचा’ घोकून घेतलेला नसतो. सगळ्यांची कार्डं लागली की खोक्यात उरलेली मोजायची. चार उरली, म्हणजे चौघं आले नाहीत. ही वजाबाकी आहे. मुलांना ती वजाबाकी वाटत नाही, ‘आज कोण नाही आलं गं?’ एवढंच वाटतं.

त्यानंतर तासभर मुक्त व्यवसाय. हा शब्द माझा नाही, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या पिढीचा आहे. मूल आपल्या मनानं काम निवडतं. एकीकडे तूर, हरभरा, मूग, मका एकत्र केलेली परात असते. चार वाट्यांत वेगळं करायचं. एकीकडे शर्टाची जुनी बटणपट्टी, लावायची आणि काढायची. एकीकडे शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या, डोळे मिटून हातानं ओळखायच्या : सुती कुठली, रेशमी कुठली, लोकरी कुठली. आणि खिडकीशी पाण्याचं काम.

पाण्याच्या कामापाशी जरा थांबते, कारण तक्रारी तिथूनच येतात. दोन तांबे, एक काचेचा पेला, पेल्याला बाहेरून लाल दोरा बांधलेला. पाणी ओतायचं ते दोऱ्यापर्यंत. सुरुवातीला ते बदाबदा पडतं. काही दिवसांनी मूल तांब्या तिरका करताना श्वास रोखून धरतं, जीभ ओठांवर आलेली असते, आणि पाणी दोऱ्याला टेकलं की तांब्या आपसूक सरळ होतो. सांडलं तर फडकं त्याच्याच हाताशी असतं. पुसायचं, फडकं पिळायचं, वाळत घालायचं. पिळताना दोन्ही मनगटं उलट दिशांना वळतात. उद्या पेन्सिल धरायची ताकद या पिळण्यातून येते.

आमच्या शहरात पाणी हा खेळायचा विषय नाही. कित्येक वसाहतींनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ आलेला पाहिलाय. ‘आमच्याकडे टँकर बोलवावा लागतो आणि तुमच्याकडे पोरं पाण्यात खेळतात?’ असं एका आजीनं मला दारातच सुनावलं होतं. त्यांचं खरं होतं. तेव्हापासून रोज अर्धी बादली ठरलेली आहे. पाणी कुठवर आहे त्याची खडूनं खूण करायची, काम संपलं की पुन्हा खूण करायची, उरलेलं मोगऱ्याला घालायचं. दोन खुणांमधलं अंतर मुलं बोटांनी मोजतात, आणि ज्या दिवशी ते कमी भरतं त्या दिवशी टाळ्या पडतात. तशी या मुलांना पाण्याची किंमत आधीपासून ठाऊक आहेच. बाहुलीघरात खेळ रंगात आलेला असताना मध्येच कुणीतरी ओरडतं, ‘पाणी आलं, पाणी आलं, मोटर लावा!’ आणि सगळा संसार टाकून सगळे रिकामे डबे घेऊन धावतात.

याच पाण्यावर कधीकधी मी एक गंमत करते. दोन सारख्या वाट्या सारख्याच भरते आणि मुलांकडून ‘सारखंय’ असं वदवून घेते. मग त्यांच्या डोळ्यांदेखत एका वाटीतलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतते. ‘आता?’ चार वर्षांचं मूल बेधडक सांगतं, ‘पेल्यात जास्त.’ परत वाटीत ओतून दाखवलं तरी पुन्हा पेल्यात जास्त. सहा-सात वर्षांचा थोरला भाऊ कधी शाळेत न्यायला आलेला असला तर तो हसतो : ‘सारखंच की!’ स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी हे प्रयोग गेल्या शतकात केले. मुलाचा विचार मोठ्यांच्या विचारासारखाच पण अर्धवट, असं त्यांना दिसलं नाही. त्याची घडणच निराळी असते आणि ती वस्तू हाताळता हाताळता बदलते. चार वर्षांच्या मुलाला मी शंभर वेळा ‘सारखंच असतं’ असं सांगून तो बदल घडणार नाही. शंभर वेळा ओतू दिलं तर घडेल.

आकड्यांचंही असंच आहे. जूनमध्ये नवीन आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी अभिमानानं सांगितलं, ‘याला शंभरपर्यंत येतं.’ आणि खरंच, त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. मी त्याच्यापुढे पाच चिंचोके ठेवले. तोंड पुढे पळालं, बोट मागे राहिलं आणि उत्तर आलं सात. एक चिंचोका, एक आकडा हा मेळ अजून बसायचा होता. तो बसायला काही आठवडे लागले : खाऊच्या वेळी प्रत्येकाला एक डबा, प्रत्येक डब्याला एक चमचा, दोन चमचे कमी पडले की ‘ताई, दोन द्या.’ आता त्याला शंभरपर्यंत म्हणायची घाई राहिलेली नाही. दहापर्यंत मात्र पक्कं मोजतो.

ठोकळ्यांचा कोपरा बहुधा मुलग्यांच्या ताब्यात जातो, म्हणून आठवड्यातले दोन दिवस तो मुलींचा. आमचं शहर बावन्न दरवाजांचं. ज्या मुलांची रिक्षा रोज एखाद्या दरवाजाखालून येते, ती ठोकळ्यांचे दरवाजे बांधतात. रिक्षा खेळण्यातली, पण ती खालून गेलीच पाहिजे. पहिला दरवाजा अरुंद होतो. दुसरा रुंद केला तर वरचा ठोकळा दोन्ही टोकांना पुरत नाही, धाडकन खाली. मग कुणीतरी लांब पट्टी शोधून आणतं. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मधे एक खांब लावू.’ दुसरा म्हणाला, ‘मग रिक्षा कुठून जाणार?’ दोघांनी दोन बाजूंनी ठोकळे थोडे थोडे पुढे सरकवत आणले आणि फट कमी केली. लांबी, रुंदी, तोल, भार, तडजोड, सगळं त्या वीस मिनिटांत होतं. वहीत मात्र काहीच नव्हतं.

गोष्टीची वेळ आली की माझा वर्ग तीन-चार बोलींत बोलू लागतो. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी बंजारा बोली. मी गोष्ट मराठीत सांगते आणि सांगून झाली की मुलांना सांगायला लावते, ज्याच्या त्याच्या बोलीत. गोष्टीतला कोल्हा दखनीत जास्त चतुर होतो, असं माझं मत झालंय. भाषा चुकली म्हणून कुणाला अडवत नाही. पहिले काही महिने गप्प बसणारं मूल पुढे एकदम मोठ्या वाक्यात बोलतं, हे दरवर्षी होतं. त्याच्या घरच्या भाषेला दारातच थांबवलं असतं तर ते गप्पच राहिलं असतं.

महोदय, आता अडचणीची बाजू. साडेबाराला आई न्यायला येते आणि पहिला प्रश्न विचारते : ‘मॅडम, आज काय लिहिलं?’ वही कोरी. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत त्याच वयाच्या मुलाची वही रोज भरलेली असते. एक पान ‘ए’, एक पान ‘बी’, खाली लाल शाईत शेरा, शिवाय गृहपाठ. मग आईच्या जिवाला घोर लागतो. फी भरतोय, आणि पोर नुसतं खेळतंय?

त्या भरलेल्या वहीची किंमत हात मोजतो. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते आणि एकेकीचं हाड व्हायला वर्षं लागतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी दोन-तीनच दिसतात. ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मग मनगटात, बोटांत सगळ्यात शेवटी. म्हणून या वयात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, कागद फाटेपर्यंत दाबतं आणि दहा मिनिटांत ‘हात दुखतो’ म्हणतं. त्याला आपण आळशी म्हणतो. माती मळणं, फडकं पिळणं, भिंतीवर ओल्या ब्रशनं मोठमोठे गोल काढणं, हे सगळं त्याच हाताचं लेखन आहे, फक्त वहीत दिसत नाही.

आईला मी दोष देत नाही. तिची भीती वरून आलेली आहे. पहिलीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावतात, न आलं तर ‘बेस कच्चा आहे’ म्हणून चिठ्ठी येते, हे तिनं थोरल्या मुलाच्या वेळी भोगलेलं असतं. पहिली मागते म्हणून सीनियर केजी लिहून घेते, सीनियर मागते म्हणून ज्युनिअर, ज्युनिअर मागते म्हणून नर्सरी. ओझं असं पायरीपायरीनं खाली उतरत तीन वर्षांच्या खांद्यावर येतं. ते वरच्या पायरीवरच थांबवायला हवं, आणि ती पायरी आपल्या अखत्यारीत आहे.

गंमत म्हणजे योग्य मोजपट्टी सरकारकडे तयार आहे. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारी अभियान चालतं, ‘पहिले पाऊल’. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा भरतो, सात टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर उडी मारायची, चेंडू फेकायचा. एकावर वस्तूंची वर्गवारी करायची, एकावर चित्र बघून बोलायचं, एकावर वस्तू मोजायच्या. शेवटी आयांना घरी करायच्या कृती समजावतात. ‘कखग लिहून दाखव’ म्हणणारं टेबल तिथं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यानं या वयात परीक्षा आणि चाचण्या साफ गैरलागू ठरवल्या. म्हणजे कागदावर आपण सगळे एका मताचे आहोत. मग जी मोजपट्टी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात चालते, ती खासगी बालवर्गाच्या दारात का चालू नये?

‘साहित्याला पैसा लागतो’ असं संस्थाचालक म्हणतील. या सबबीला महाराष्ट्रातच जुनं उत्तर आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरींची परदेशी साधनं गरिबाला परवडत नाहीत, हे ताराबाईंनी तेव्हाच ओळखलं आणि गावात मिळेल त्यातून साधनं केली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीनं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलं जिथं गुरं चारतात तिथंच. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीच्या मुळाशी हेच अंगण आहे. माझ्या वर्गातले चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि चिंध्या त्याच घराण्यातल्या. महाग साहित्य लागतं ते दाखवायला. शिकायला परात पुरते.

परदेशातलाही एक दाखला देते, कारण मंत्रालयात त्याला वजन असतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं. त्यातल्या ५८ जणांना बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. तिथं मूल काय करायचं ते ठरवायचं, करायचं आणि केलेलं सांगायचं. ताई घरी जाऊन आईशीही बोलायच्या. ही माणसं चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालशाळेत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, त्यांची कमाई जास्त होती, तुरुंगाची वाट धरणारे कमी होते. माझ्या वर्गातून असं काही निघेल असा दावा मी करत नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचा खेळ म्हणजे टाईमपास नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

आता नेमक्या मागण्या.

पहिली, तो रकाना. भरलेली उत्तरं ऑनलाइन ठेवा आणि शाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायला सांगा. फीचा तक्ता लावतात, तसा सकाळचा तक्ता.

दुसरी, सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत लेखी परीक्षा, क्रमांक आणि लेखी गृहपाठ नको. तसं लेखी परिपत्रक काढा. तोंडी सूचना आमच्यापर्यंत पोचत नाही.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. माध्यम कुठलंही असो, बोर्ड कुठलंही असो, पहिलीची सुरुवात शून्यापासून व्हावी. आलेल्या मुलाला लिहिता येतं असं पहिलीनं गृहीत धरू नये. एवढं झालं तर केजीतली निम्मी वही आपोआप बंद होईल.

चौथी, तपासणी. अधिकारी आले की वह्या मागतात. त्यांनी त्याऐवजी तासभर सतरंजीवर बसावं आणि तीन गोष्टी बघाव्यात : मुलांना काम निवडता येतं का, ताई मुलांपेक्षा कमी बोलतात का, आणि साहित्य मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर आहे की कपाटाला कुलूप आहे?

पाचवी मागणी आपल्या एकट्याच्या हातातली नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, खासगी नर्सरी आपल्याकडे. एकाच गल्लीतल्या एकाच वयाच्या दोन मुलांना दोन खाती. अंगणवाडीला ‘आकार’सारखा बरा अभ्यासक्रम आहे, पण सेविकेला वेळ नाही : वजन-उंची, लसीकरण, गरोदर मातांची नोंद, आहार, आणि २०२१ पासून मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात त्या मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा राज्यातल्या अंगणवाड्या पन्नासहून जास्त दिवस बंद होत्या. तिथली ती मुलं पहिलीत आपल्याच खात्यात येणार आहेत. दोन्ही खात्यांनी मिळून निदान एवढं ठरवावं, की सकाळचे दोन तास सेविकेला फोन येणार नाही आणि माहिती मागवली जाणार नाही. ते तास मुलांचे.

या मागण्यांना मोठा निधी लागत नाही. एक रकाना, एक परिपत्रक, पहिलीसाठी एक आदेश, अधिकाऱ्यांसाठी एक सतरंजी आणि दोन खात्यांची एक बैठक.

केजीचे प्रवेश जूनची वाट बघत नाहीत. आमच्याकडे जानेवारीतच फलक लागतात आणि आया शाळा-शाळांच्या पायऱ्या झिजवू लागतात. म्हणून हा रकाना डिसेंबरच्या आत अर्जात यावा. म्हणजे निरालाबाजारातली असो की मुकुंदवाडीतली, कुठलीही आई दारावरच्या त्या दहा ओळी आधी वाचेल आणि प्रवेशाचा अर्ज मग मागेल. उत्तर लिहायला मी तयार आहे. बाकीच्यांनाही लिहायला लावणं आपल्या हातात आहे.



आपली,
छत्रपती संभाजीनगरातली एक बालवर्गाची ताई